दोन बोटांचा जोर

आमची रायफल माझ्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या, आजोबांची. तिची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून डेल्मर ती गॅरेजमध्ये स्वतः करतो. दुसऱ्या मापाच्या रिकाम्या पुंगळ्या आणायच्या आणि साच्यात दाबून त्यांची मान बारीक करायची. दाबली की मानेचं पितळ जाड होतं, ते मग बाहेरून तासायचं. तासलं नाही तर गोळीला सुटायला जागा राहत नाही आणि बार मागे, उडवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, न विचारता मला हे सगळं तोंडपाठ झालंय.

त्या दिवशी आमची मुलगी ब्रिटा ती रायफल घेऊन एल्क, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, मारायला डोंगरावर गेली होती. पहिल्यांदाच एकटी. नाश्ता झाल्यावर मी गॅरेज झाडायला गेले, तर तासलेल्या, चकचकीत मानेच्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या. सगळ्या रिकाम्या.

"डेल्मर, या इथे कशा? मग पोरीला काय भरून दिलंस?"

तो कॉफीचा मग घेऊन आला. शेजारचा ठोकळा न तासलेल्या पुंगळ्यांचा, आणि त्यात एकही उरली नव्हती. "भरताना रेडिओवर मॅच लागली होती," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी मी त्याला सोलून काढलं असतं, पण मी गाडीची किल्ली उचलली.

डोंगरात फोन लागत नाही. आम्ही तसेच गाडीत बसलो. अर्ध्या वाटेवर एक बार ऐकू आला. मी त्याचा हात घट्ट धरला.

"आपल्या रायफलचा नाही तो," डेल्मर म्हणाला. त्यालाही ते माहीत नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याच्या फाटकापाशी ब्रिटाचा ट्रक होता. मागच्या फळीवर बसून ती सँडविच खात होती. थंडीने नाक लाल झालेलं, बाकी चेहरा जिथल्या तिथे.

"बाबा, तुमची काडतुसं भंगार आहेत," ती म्हणाली. "काडतूस आत बसेना, मागचा बोल्टच बंद होईना. समोर एल्क उभा, गोठ्यातल्या गाईसारखा. दुसरं घातलं, तेही तसंच."

"जोर लावलास?"

"नाही. लहानपणी हातावर चापट मारली होतीत ना? दोन बोटांच्या जोरावर बसत नाही ते ढकलायचं नाही म्हणून. स्वतः मात्र जॅमची बाटली हातोडीने उघडता."

डेल्मर तिथेच बर्फात बसला आणि हमसून रडायला लागला. मी तिला इतकं आवळलं की सँडविच खाली पडलं.

"अगं आई, एल्कच गेलाय ना फक्त?"

आमच्या मोंटानात शिकाऱ्याच्या घरी विकतचं मांस येणं म्हणजे नाक कापल्यासारखंच. त्या हिवाळ्यात मी ते दर शनिवारी आणलं, आणि शेजारणीला दिसेल असं, पिशवी उघडी ठेवून आणलं.