घाम न आणणारी सायकल

"दोब्रेऽऽ, पळू नकोस गं! घाम येईल!"

चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून आलेली आईची ही हाक दोब्रिलाच्या कानातून कधी गेलीच नाही. खाली अंगणात लिंडनची झाडं, वाळूचा ढीग, पोरांचा कल्ला. तशा सगळ्याच आया ओरडायच्या. लेस्कोवात्स गावातल्या आयांचा खरा वैरी म्हणजे पोरांचा घाम. भिजल्या पाठीला वाऱ्याची झुळूक लागली की झालं, पोर आजारी पडलंच. म्हणून प्रत्येक पोराच्या सदऱ्यात, पाठीशी, सुती फडकं खोचलेलं असे. त्याचं टोक मानेमागून शेपटीसारखं लोंबे, आणि शेपटी उडवत पोरं पळतच राहत. संध्याकाळी आया भिजलेली फडकी ओढून काढत, पिळत, शिव्या घालत.

दोब्रिलाच्या पाठीतलं फडकं मात्र संध्याकाळी जसं घातलं तसं निघे. कोरडं, घडीचं. ती बाकावर बसून बाकीच्यांचे स्वेटर सांभाळायची.

तिला कारण ठाऊक होतं. भिंतीवर स्रेच्कोचा फोटो होता. चौकटीत वाळलेली तुळस खोचलेली. स्रेच्को तिचा मोठा भाऊ, ती जन्मायच्या आधीच गेलेला. आई, स्तामेना, एवढंच सांगायची, "पळून आला, घामाने निथळत होता, झुळूक लागली, गेला." पुढे काही नाही. पुढे ती चुलीवरचं काहीतरी ढवळायला निघून जायची. शाळेत आईने बाईंना सांगून ठेवलं होतं, हिला पळवायचं नाही. लग्नांत सगळे हात धरून कोलो नाचायला उभे राहिले की दोब्रिला अगदी शेपटाला लागे, अर्धा फेरा चालल्यासारखा करी, आणि कुणाचं लक्ष नसताना हात सोडवून खुर्चीवर येऊन बसे.

आणि आता, साठीच्या उंबरठ्यावर, डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "रोज घाम आला पाहिजे."

हिवाळ्यात छातीत कळ आली होती. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. दुसऱ्या एका वाहिनीबद्दल डॉक्टरीणबाईंनी भुवई उंचावली होती. "हृदयाला काम करायची सवयच नाहीये तुमच्या. गुडघे झिजलेत, तेव्हा पळणं, उड्या मारणं नको. घरी एखादं मशीन घ्या, पायाला धक्का न बसणारं. रोज अर्धा तास. श्वास लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. सप्टेंबरात परत तपासू. सुधारणा दिसली तर उत्तम. नाही दिसली, तर छाती उघडायची की नाही ते ठरवावं लागेल."

छाती उघडायची. जणू कपाट उघडायचंय. दोब्रिला तेव्हापासून रात्रंदिवस स्वतःच्या छातीकडे कान लावून बसल्यासारखी जगत होती. जिना चढताना थांबायची, आणि विचारलं तर किल्ली शोधल्याचं सोंग करायची.

जूनमध्ये ती नवऱ्याबरोबर, तिहोमिरबरोबर, व्यायामाच्या मशीनच्या दुकानात गेली. दुकान मिलुंकाचं. उंचनिंच बाई, एके काळची हँडबॉलची गोलरक्षक, अजूनही दारात दोन्ही हात पसरून उभी राहायची, जणू गिऱ्हाईक निसटून जाणार.

"ताई, हे बघा, वल्ही मारायचं मशीन. पाठ, हात, पाय, सगळं चालतं."

तिहोमिर लगेच त्या सरकत्या पाटावर बसला, साखळी ओढली, मागे सरकला आणि उठता उठेना. "दोब्रे, हात दे. अगं हसतेस काय, हात दे!"

"हे आपल्याकडे ठेवायचं कुठे?" दोब्रिला म्हणाली. "आईच्या पलंगात आणि टीव्हीत एवढी जागाच नाही. आणि माझे गुडघे एवढे दुमडले तर परत उघडायचेच नाहीत."

"मग हा क्रॉस ट्रेनर." मिलुंकाने दोन पट्ट्यांच्या एका उंच यंत्रावर हात ठेवला. "पाय पट्टीवरून सुटतच नाहीत. चालल्यासारखं, पण जमिनीवर पाऊल आपटत नाही. गुडघ्यांना कळणारही नाही. हातही हलतात."

"ह्याच्यावर कपडे झकास वाळतील," तिहोमिर म्हणाला.

"सगळे नवरे हेच म्हणतात, साहेब. जरा नवीन विनोद आणा."

दोब्रिला त्या यंत्राकडे बघत होती. दोन पट्ट्या, वर-खाली, गोल गोल. कोलोत पाय असेच जातात, तिला वाटलं. मग तिने हळू आवाजात विचारलं. "ह्याच्यावर घाम किती येतो?"

"खूप!" मिलुंका अभिमानाने म्हणाली.

दोब्रिलाचा हात दांड्यावरून उचलला गेला.

"आणि ती? ती खुर्चीची?"

कोपऱ्यात बसायची सायकल होती. मागे रुंद पाठ, पुढे पॅडल. आरामखुर्चीला पाय फुटल्यासारखी.

"तीही चांगली आहे. हृदयवाले पुष्कळ जण घेतात. पण ताई, त्यावर तुम्हीच जोर वाढवत न्यायचा असतो हं. नाहीतर ती नुसती खुर्चीच."

"हीच द्या," दोब्रिला म्हणाली.

मिलुंकाने डोकं खाजवलं. "लोक मला विचारतात, जास्त घाम कशावर येतो. कमी घामाचं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बरं, न्या. नाही जमलं तर बदलून देईन."

घरी सायकल आली तेव्हा स्तामेनाबाई पलंगावर उठून बसल्या. पंच्याऐंशीच्या घरात होत्या, पण नजर सुईत दोरा ओवणारी. त्यांनी काठी टेकत, सपाता घासत सायकलीभोवती एक पूर्ण फेरी मारली.

"खुर्ची आहे."

"हो आई, खुर्चीच."

"मग ठीक. खिडकी लावून घे."

रोज सकाळी हाच क्रम. स्तामेनाबाई आधी बाल्कनीचं दार लावत, मग स्वयंपाकघराची खिडकी, मग कडी बसली की नाही ते ढकलून बघत. दोब्रिलाच्या पाठीत, ब्लाउजच्या आत, फडकं खोचत. दोब्रिला सगळ्यात हलक्या जोरावर पॅडल फिरवत बसे. अर्ध्या तासाने आई मागून हात घालून फडकं चाचपे.

"कोरडं," ती म्हणायची, आणि दोघींनाही हायसं वाटायचं.

तिहोमिर दारातून बघत मान हलवायचा. "अगं, हिच्यावर बसून तू स्वेटर विणू शकशील. दोन्ही कामं होतील."

"मी करतेय ना रोज?"

"करतेस. तुझी आई उद्या सायकलीलाही शाल पांघरेल."

जुलै संपताना डॉक्टरीणबाईंनी मध्येच एक तपासणी केली. छातीला तारा लावून तिला चालत्या पट्ट्यावर चढवलं. दोब्रिलाला लवकरच थांबवावं लागलं. बाईंनी कागद बघितला, मग तिच्याकडे.

"तुम्ही करता तरी काय रोज?"

"सायकल."

"घाम येतो?"

दोब्रिलाने नकारार्थी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी कोरड्या पाठीबद्दल रागावत होतं.

"असंच चाललं तर सप्टेंबरात मला शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी लागेल," बाई म्हणाल्या. आता रागावून नाही, दमून. त्याचीच दोब्रिलाला जास्त भीती वाटली.

त्याच दुपारी तिहोमिर कुणालाही न विचारता सायकल परत देऊन क्रॉस ट्रेनर घेऊन आला. मिलुंकाने स्वतः वर आणून जोडून दिला. "पहिले काही दिवस अगदी थोडं," ती बजावून गेली. "आणि ताई, खोलीत वारा खेळू द्या."

वारा. स्तामेनाबाईंनी तो शब्द ऐकला आणि पलंगाच्या कडेला घट्ट धरून बसल्या. त्या उभ्या यंत्राकडे त्या बराच वेळ बघत होत्या. खुर्ची नव्हती त्याला. बसायला काही नव्हतं. पळण्यासाठीच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिहोमिर पाव आणायला खाली उतरला. लेस्कोवात्सवर ऊन असं तापलं होतं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. स्तामेनाबाईंनी बाल्कनीचं दार लावलं. स्वयंपाकघराची खिडकी लावली. दाराखालच्या फटीत टॉवेलही सारला.

"आई, ती म्हणाली होती, वारा..."

"तिला काय जातंय बोलायला. वाक खाली."

दोब्रिला वाकली. फडकं पाठीत सरकलं. ती पट्ट्यांवर चढली आणि पाय हलवले. यंत्र जिवंत झालं. ती हलकंच करणार होती, पण ह्या यंत्रावर एक पाऊल पुढच्या पावलाला बोलावतं. वर, खाली, वर, खाली. दांडे छातीकडे येत होते, जात होते. कोलोच्या रांगेत कुणीतरी दोन्हीकडून हात धरल्यासारखे. क्षणभर तिला वाटलं, मी नाचतेय. मीही नाचतेय की.

मग घाम आला. आधी कपाळावर, मग ओठांवर, मग पाठीच्या कण्यावरून ओघळ. तिला तो प्रत्येक थेंब कळत होता. फडकं भिजतंय, तिच्या मनात आलं, आई हात घालेल, फडकं भिजलेलं लागेल. छाती धडधडायला लागली. ती दमल्याने धडधडतेय की भीतीने, कळेना. खोलीतली हवा उकळत्या भांड्यावरच्या वाफेसारखी झाली होती. खिडकीच्या काचेवर एक माशी बाहेर जायला धडका देत होती. भिंतीवरचा स्रेच्को हसत होता, चौकट डावीकडे झुकली, मग सगळीच भिंत झुकली.

"आई," ती म्हणाली. श्वासच पुरेना. पट्ट्या थांबल्या. दांडा हातातून सुटला आणि ती उतरता उतरता जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकून, पांढरीफटक.

"दोब्रे!"

स्तामेनाबाई पलंगावरून कशा उठल्या, त्यांनाही कळलं नाही. काठी राहिली पलंगाशीच. त्या लेकीकडे आल्या नाहीत. त्या थेट बाल्कनीच्या दाराकडे गेल्या, कडी उचलली आणि दार भिंतीवर आपटेल असं उघडलं. मग भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात, आणि खिडकी उघडली. ह्या घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या एकाच वेळी कधी उघडल्या गेल्या नव्हत्या. वारा आत आला. पडदा फुगून छतापर्यंत गेला, मेजावरचा कागदी रुमाल उडाला, चौकटीतली वाळकी तुळस थरथरली. ओल्या पाठीवरून झुळूक फिरली आणि दोब्रिलाला थंड वाटलं. नुसतं थंड. बाकी काही झालं नाही.

आईने पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. अर्धं पाणी गळ्यावरून सांडलं.

"कळ येतेय? छातीत?"

"नाही. चक्कर आली. उकाड्याने." दोब्रिलाने डोळे मिटून श्वास घेतला. हळूहळू तिच्या ओठांवर रंग परतला. मग ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, आवाज न करता. "तिहोला सांग हे परत देऊन यायला. मला नाही जमायचं, आई. स्रेच्कोचं हृदय आहे माझ्यात. पळाला आणि गेला. मीही तशीच जाणार. त्यापेक्षा चिरू देत त्यांना छाती."

स्तामेनाबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.  खाली अंगणात कुणाची तरी आई ओरडत होती, उन्हात खेळू नका म्हणून. पडदा आत येत होता, बाहेर जात होता. त्यांनी लेकीच्या मानेमागून हात घातला आणि फडकं ओढून काढलं. चिंब होतं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं, पिळलं नाही.

"तो पळाला नव्हता," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"स्रेच्को. अंगणात गेलाच नव्हता त्या दिवशी. जेवला, मांडीवर लोळला, मी म्हटलं झोप. झोपला. उठवायला गेले तर..." त्यांनी फडक्याची एक घडी घातली. "ना घाम, ना झुळूक. खिडक्या बंदच होत्या. डॉक्टर म्हणाले, जन्मापासून हृदयात खोट होती, कुणालाच कळलं नसतं. पण येईल तो विचारायचा, कशाने गेला? कशाने गेला? मी काय सांगू? झोपेने गेला म्हणून? एकदा कुणीतरी म्हणालं, पळाला असेल, घामेजला असेल. मी म्हटलं, हो. मग तेच धरून ठेवलं."

"आई..."

"तुझं पळणं मला थांबवता येत होतं गं. झोपणं कसं थांबवणार होते? रात्र रात्र तुझ्या नाकाशी बोट धरून बसायचे. दिवसा तरी काहीतरी माझ्या हातात असावं, म्हणून ओरडायचे."

 दोब्रिलाच्या पाठीवरचा घाम वाऱ्याने वाळत होता. जिन्यात तिहोमिरच्या शिट्टीचा आवाज आला, पाव घेऊन वर येणाऱ्याचा.

स्तामेनाबाईंनी घाईने तिचा हात धरला, जणू तो आत आला तर हे पुन्हा गिळलं जाईल.

"आणि अजून एक. तू चालायला लागलीस तेव्हा तुला निश शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तुझ्या बापालाही सांगितलं नाही मी, तिथले डॉक्टर काय म्हणाले ते. त्यांनी तुला उलटसुलट तपासलं, छातीला कान लावला, आणि हसले. म्हणाले, ह्या पोरीचं हृदय घोड्यासारखं आहे, बाई. हिला पळू द्या."