काशाचं लुगडं

वखारीमागच्या विहिरीवर सगळी विणकर पेठ लोटली होती. मल्लप्पाबुवानं गाळातून देवी काढली होती म्हणे. देवी कसली, काशाचा ओबडधोबड आकार तो. तोंड नाही, हात नाहीत. नुसता खांद्याचा उतार, कमरेचा बाक आणि अंगाला लपेटलेलं लुगडं. पण त्या लुगड्यात सूत दिसत होतं, उभं-आडवं, धागान् धागा.

"हात लावून बघा की," बुवा म्हणाला. "छिन्नीनं सूत काढणारा कुणी हाय का? बाई होती ही. नेसत्या लुगड्यानिशी धातू झाली."

लोकांनी अंगठ्यानं सूत चाचपलं. मागावर जन्म काढलेली माणसं ती. असं सूत कोरता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणूनच फसली.

माझ्या वर्गातली चंद्रव्वा तापानं पडली होती. बुवा देवीला आंबट ताकानं न्हाऊ घाली आणि ओघळलेलं हिरवट तीर्थ तिला पाजी. पोर ओकली की म्हणे, "पीडा बाहेर पडतीया."

"डॉक्टरला आणू," मी तिच्या आईला, सुंदरम्माला, म्हणालो.

"मास्तर, सूत खोटं बोलत न्हाई."

मी चिडलो. तडक घंटा ओतणाऱ्या नबीसाबकडं गेलो आणि धातूत सूत कसं उठतं ते विचारलं. तो हसलासुद्धा नाही. "कपडा मेणात भिजवायचा, मातीच्या गाभ्यावर लपेटायचा, वरून माती थापून भाजायचं. कपडा जळतो, त्याची जागा राहती. तिथं वितळलेल्या काशाचा रस ओतला की सूत उठतं. कुणीतरी शोभेला केलेली चीज हाय ती, बुवानं भंगारातनं उचलली आसंल. करून दाखवतो, पण कपडा त्यांच्याच घरचा आणा."

सुंदरम्मानं चंद्रव्वाच्या परकराचा रफू केलेला तुकडा दिला. साचा वाळून, भाजून, ओतून निवायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी पहाटे पोर गेली.

दुपारी नबीसाबनं देवीपुढं माती फोडली. सुंदरम्मानं काशाचा तुकडा हातात घेऊन बोट फिरवलं. "माजं रफू हाय हे," ती म्हणाली.

"ही बी देवीचीच करणी," बुवा पुटपुटला. कुणी मान डोलावली नाही.

नबीसाबनं हळूच विचारलं, "सुंदरम्मा, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवता का?"

"न्हाई. कळकतं. इख व्हतं त्याचं." एवढं बोलली आणि तिथंच खाली बसली.

बाबांनो, स्वयंपाकघरात जे कळतं ते देवापुढं विसरू नका. चमत्कार दिसला तर त्या धंद्यातल्या माणसाला विचारा, आणि दुखणं आलं तर आधी डॉक्टर आणा. मी शहाणा, बुवाला हरवायच्या नादात चार दिवस साचा निवायची वाट बघत बसलो. डॉक्टर मीही आणला नाही.