सावित्रीबाईचा अर्धा कोयता

धर्मापुरीची टोळी ऊस तोडायला निघाली, तेव्हा फोनवरची प्रौढांची शाळाही तिच्यासोबत निघाली. नावं मुकादम अर्जुनरावांनी भरली, टोळीच्या रीतीनं. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून फोनातही दोघं मिळून एक विद्यार्थी, नाव नवऱ्याचं: गहिनीनाथ.

सावित्रीबाईला एवढंच हवं होतं, की पास झाल्याच्या कागदावर आपलं नाव यावं, आपल्या हातचं.

"मुकादम, शिकनारी मी एकलीच हाय."

"अर्ध्या कोयत्याला फोनात जागा न्हाई, वैनी."

फोन हट्टी. चौकटीत दोन तोंडं दिसल्याशिवाय धडा उघडेना. ती मोळ्या बांधता बांधता शिके अन् गहिनीनाथ शेजारी नुसतं तोंड दाखवत उभा राही. तो पेंगला की धडा बंद. अक्षरं गोळा झाली, तशी तिची ओवीच झाली:

फ माझा फडामंदी, ग डुले गाडीवर,
च बसला चुलीपाशी, राख घेऊन अंगावर.

अडचण एकच. जिथलं अक्षर तिथंच आठवायचं. पाचटाच्या कोपीत, आपल्या खोपटात बसून फ काही केल्या दिसेना. म्हणून परीक्षा तिनं चालत्या बैलगाडीवर द्यायची ठरवली, उसाच्या फडापासून कारखान्यापर्यंत. चुलीचे तीन दगडही गाडीत चढवले.

परीक्षेच्या धाकानं गहिनीनाथ पहाटेच सिरसाळ्याला केसांच्या कटिंगला पळाला. फोन दुसरं तोंड मागू लागला. सावित्रीबाईनं इकडंतिकडं बघितलं अन् सोन्या बैलाला हाक मारली. त्यानं मान मागं वळवली.

"स्वागत आहे, गहिनीनाथ," फोन म्हणाला.

सोन्यानं मान कारखान्यापर्यंत तशीच वळवून ठेवली. डोळासुद्धा मिटला नाही.

शेवटी फोन म्हणाला, बोटानं नाव लिहा. तिनं लिहिलं, सावकाश, काना-मात्रेसकट. शेजारची अर्धी जागा रिकामी राहिली. तिनं फोन पुढं धरला. सोन्यानं तो चाटला.

संध्याकाळी कोपीपुढं अर्जुनरावांनी फोनात आलेला पासचा कागद बघितला. 'सावित्रीबाई', अन् शेजारी जिभेचा लांब फराटा. फोटोत ती अन् बैल.

"कोयता पुरा हाय," ते म्हणाले. "आपली हरकत न्हाई."

गहिनीनाथ नव्या कटिंगमध्ये उभा होता. "मंग मी कोन?"

सावित्रीबाईनं चुलीचे दगड पुन्हा मांडले अन् राख हातानं सारखी केली.

"बसा," ती म्हणाली. "हितं च येतो."