मेहुण्यांच्या डब्याचे दिवे

"लाइन तुटते हे निव्वळ थोतांड आहे," नकाशे काढून देणाऱ्या त्या ऑफिसचे साहेब मला म्हणाले. "बाईंना घरी झोपा काढायच्यात. आज दोष सापडला नाही, तर सोमवारपासून बाई ऑफिसात, नाहीतर कायमच्या घरी."

बाई म्हणजे त्यांच्याकडे नकाशे काढणाऱ्या. अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी बसून त्या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी वाटेने, ऑफिसच्या सर्व्हरवर काम करायच्या. आईला सोडून येता येत नाही, आणि नोकरी गेली तर औषधं कुठून आणायची? साहेबांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून बोलत होते, आता काय म्हणावं!

मी नेटवर्क दुरुस्त करतो, माणसं नाही. कपाट उघडलं. आत इंटरनेटचे दोन राउटर. जुना धुळीने माखलेला, नवा पुसूनबिसून चकचकीत.

"दोन कशाला?"

"नवा डबा मेहुण्यांनी दिलाय," साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "दुकानच आहे त्यांचं. नको कसं म्हणणार? घरात राहायचंय मला."

बाईंना फोन लावून जोडायला सांगितलं. सगळं सुरळीत. नकाशा उघडला, रेघा उमटल्या.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" साहेब खूश.

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. साहेब ताडकन उठले, सर्व्हरपाशी जाऊन खटाखट काहीतरी बदललं आणि चहा सांगितला. नव्या डब्याचे दिवे लुकलुकायला लागले. फोनवर बाई रडवेल्या झाल्या. "गेलं हो, पुन्हा गेलं!"

"काय केलंत साहेब?"

"कुठं काय! मेहुणे आले की सगळं त्यांच्या डब्यावरून सोडतो. दिवे दिसले की बरं वाटतं त्यांना. एरवी जुनाच बरा चालतो."

मी कपाळावर हात मारला. बाईंचं काम यायचं जुन्या दाराने, सर्व्हर उत्तर धाडायचा नव्या दाराने, आणि नव्याला बाई कोण हेच माहीत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी! मेहुण्यांनी चहा प्यायचा आणि बाईंनी बोलणी खायची.

सर्व्हरला मी पक्की वाट आखून दिली: बाईंचं उत्तर जाईल ते जुन्याच दाराने, मग साहेबांनी हवे तेवढे दिवे लावावेत. बाई परत जोडल्या गेल्या.

मेहुणे आत आले, कपाटाकडे बघून सुखावले. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. "बाई, दोष तुमच्याच घरच्या लाइनीत होता. या वेळी माफ करतो."

"आभारी आहे, साहेब."

माझं डोकंच फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशानेच आभार मानायचे? "ताई, तुमची लाइन ठणठणीत आहे," मी मोठ्याने म्हणालो. "हे पाहुणे आले की साहेब नवा डबा चालू करतात, म्हणून तुमचं काम तुटायचं."

मेहुण्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे एरवी माझा डबा बंद असतो, दाजी?"

आणि उठून चालायलाच लागले. साहेब चपला न घालता जिन्यावरून मागे धावले.

टेबलावर फोन चालूच होता. "हॅलो? साहेब? मग सोमवारी मी घरूनच काम करू ना?" पाठीमागे आई कण्हत होती.

"घरूनच करा, ताई," मी म्हटलं. तो अधिकार मला कुणी दिला नव्हता.

खाली रस्त्यावर साहेब हात जोडून माफी मागत होते. मेहुण्यांची.