शिट्टी मी दिलीच नाही

मी एक जुना, पाच लिटरचा कुकर आहे मित्रांनो, आणि मी डूख धरतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कारखान्यात ठोके खाऊन माझा जन्म झाला. वणीच्या बाजारातून घेऊन प्रियंकाच्या आईनं मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं, तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. खाणीच्या रस्त्यालगतचं घर, रोज कोळशाची धूळ. तरी प्रियंका मला चिंच लावून घासायची. पाहुणे म्हणायचे, "प्रियंकाच्या वरणाले तोड नाही!" मी फुगून जायचो.

मग नयन घरी बसली. नयन म्हणजे प्रियंका आणि रोशनची एकुलती एक पोरगी. बोलताना अडखळते. वर्गात पोरं तिची नक्कल करायची. शेवटी तिनं तोंड उघडणंच सोडलं. प्रियंका म्हणाली, "माह्या लेकीले मीच शिकवतो घरी."

ओट्याजवळ चटई पडली आणि शाळा सुरू झाली. पोरगी मोठी हुशार! माझी शिट्टी वाजली, की तेवढ्यात अवघड शब्द म्हणून घ्यायची. माझ्या आवाजात तिचं अडखळणं झाकलं जायचं. एकेका जोडाक्षरासाठी ती शिट्टीची वाट पाहत बसायची. आणि धडा संपेपर्यंत शिट्ट्या हव्यात, म्हणून प्रियंका गॅस चालूच ठेवायची. आता तुम्हीच सांगा, वरणाचं काय होणार? करपणार, दुसरं काय! माझा तळ काळाठिक्कर पडला. शिट्टीच्या भोकात डाळ अडकू लागली, तरी काडी घालून बघायला कोणाला फुरसत नव्हती. मी मनात म्हणायचो, थांब प्रियंका, तुला दाखवतोच!

रोशन खाणीतून ड्युटी करून यायचा, बाजेवर आडवा व्हायचा आणि मोबाइल काढायचा. एका दुपारी करपलेल्या वरणाचं ताट सरकवून तो म्हणाला, "तुह्यानं ना घर होते, ना शाळा. जूनपासून पोरीले यवतमाळच्या होस्टेलले टाकतो."

"तिथं कोन ऐकून घेईन तिचं? पुन्हा मुकी होईन जी पोरगी!"

"मंग घर सांभाळ."

त्या दिवशी नयननं एक शब्द वाचला नाही. माझ्या सगळ्या शिट्ट्या वाया गेल्या. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. डबा तिचा, धुणं तिचं, पाणी तिचं, वर शाळाही तिचीच. आणि 'घर सांभाळ' म्हणणारा ओट्याशेजारी लोळतोय! मी भलत्याच माणसावर दात धरून होतो.

रविवारी प्रियंका मागच्या अंगणात धुणं धूत होती, रोशन बाजेवर आडवा होता. नयन एका शब्दावर बोट ठेवून शिट्टीची वाट पाहत होती. मी तापलो, धुमसलो, पण शिट्टी दिली नाही. भोक बुजलेलं होतंच. मीही दम धरला.

प्रियंकाच्या कानाला ते कळलं. "अजी, कुकर शिट्टी नाही देऊन राह्यला! गॅस बंद करा ना! नयन, तू बाहेर ये."

"काहून मले उठवून राह्यली? तूच पाह्य."

नयन दाराबाहेर गेली, आणि मग मी कोणाच्या बापाचं ऐकणार नव्हतो. फाट्कन सेफ्टी वॉल्व्ह उडाला! छत पिवळं, भिंत पिवळी, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट पिवळा, चार्जिंगला लावलेला मोबाइल वरणात. लागलं कोणालाच नाही. पण मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

रोशन ओरडला, "प्रियंका! घरात लक्ष हाय का तुहं?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. शिट्टी नव्हती, झाकायला काहीच नव्हतं.

"ब... बाबा, आईनं तुम्हाले सांगतलं होतं. ग... गॅस तुम्ही बंद क... करायचा होता."

लेक एवढं बोलते, हे रोशनला ठाऊकच नव्हतं. प्रियंकानं ओल्या हातांनी गॅस बंद केला, मी निवल्यावर मला उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं. "घासा."

तो घासत बसला. मीही सहजासहजी सोडतो की काय! खाणीचा कोळसा साबणानं निघतो, माझा निघत नाही म्हटलं. त्याच्या पाठीमागे नयन वाचत होती, थांबत, अडखळत, शिट्टीविना. होस्टेलचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

नवा वॉल्व्ह रोशननंच आणून बसवला. आता तो घरी असला की कुकर त्यानंच लावायचा, शिट्टीचं भोकही त्यानंच साफ करायचं. मित्रांनो, भांड्यांची काळजी घ्या, पण भांडं चढवणारीची आधी घ्या. घराची शाळा करा खुशाल. ती एकटीच्या डोक्यावर मात्र भरवू नका.

माझ्या तळाला एक काळा डाग अजून आहे. तो मी मुद्दाम राखलाय. रोशन रोज घासतो. घासू दे.