आखूड पायाची तिपाई

बसा. घाबरू नका, मोडणार नाही. जराशी एका अंगाला कलेन, पण तो दोष माझा नव्हे. तुम्ही मला सपाट जमिनीवर ठेवलंत. मला गोठ्यात न्या, मोरीशेजारच्या खुंट्यापाशी, आणि आखूड पाय चढाकडे करा. मग बघा, कशी चपखल बसते ते.

मी धार काढायची तिपाई. तीन पाय, वर एक गोल फळी, आणि फळीच्या मधोमध एकाच बाईच्या बसण्याने पडलेला खळगा. ती माझी धनीण. माझी गोष्ट सांगायची तर तिचीच सांगावी लागेल, कारण तिच्यावाचून माझ्या आयुष्यात फारसं काही घडलंच नाही.

ती नवी नवरी होऊन या शेतावर आली तेव्हा उकिडवी बसून धार काढायची. सासऱ्यांना ते बघवेना. त्यांनी एक मोडकं दार सुतारापुढे टाकलं आणि सांगितलं, “सूनबाईला बसायला काहीतरी कर.” सुतार हाताचा चांगला, पण तोंडाचा त्याहून चांगला. गप्पांच्या नादात त्याने माझा एक पाय बोटभर आखूड कापला.

“अरे, तीनच पाय, त्यातला एक लंगडा?” सासरे म्हणाले.

“दुसरी करून देतो की. दार कुठं पळून चाललंय?”

तोवर तिने मला उचलून गोठ्यात नेलं होतं. गोठ्याची जमीन मोरीकडे उतरती. तिने मला फिरवून फिरवून पाहिलं, आखूड पाय चढावर टेकवला आणि बसली. मग आतूनच म्हणाली, “मामंजी, राहू द्या. जमीनही तिरकी, हीही तिरकी. दोघींचं जमेल.”

जमलं. जन्मभर जमलं.

रोज पहाटे ती यायची. एका हातात बादली, एका हातात मी. बसताना एक वाक्य म्हणायची, “आले रे देवा, बसले.” तरुणपणी ओठातल्या ओठात, जणू कामावर आल्याची वर्दीच देतेय. पुढे गुडघे धरले, बसणं जड झालं, तशी ती ते मोठ्याने म्हणू लागली. घरच्यांना वाटायचं, गुडघे बोलतायत. मला विचाराल तर गुडघ्यांनी फक्त आवाज वाढवला. वाक्य आधीपासूनच देवाचं होतं.

मूल झालं ते अशक्त. अंगावरचं दूध पुरेना, वरचं पचेना. तेव्हा माझ्यावर बसून, गाईच्या कुशीला कपाळ टेकवून तिने नवस बोलला, “हा जगू दे. या गोठ्यातली पहिली वाटी रोज दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला जाईल.” पोरगं जगलं. चांगलं दांडगं झालं. दूध भरपूर असो की नसो, पहिली वाटी कधी चुकली नाही. ज्या घरात तान्हं मूल त्या घरी ती जायची. मूल मोठं झालं की वाटी पुढच्या दाराला. नवरा थट्टेने म्हणायचा, “अगं, निम्मं गाव तुझंच दूध पिऊन तुझ्याच शेतातल्या शेंगा चोरतंय.”

“चोरू देत. पोरं धडधाकट आहेत म्हणून तर कुंपण चढतात.”

माणसं दुपारी बसतात, संध्याकाळी बसतात, बसल्या बसल्या पुन्हा बसायला जागा शोधतात. ती मात्र दिवसभरात बसायची ती माझ्यावरच. तिचा थकवा, राग, हसू, लेकाची काळजी सगळं मी पेललं. वजनाने ती कधी भारी वाटली नाही.

मग सून आली. शहरात वाढलेली, गाईला भिणारी, पण जिभेला धार असलेली. गाईचं नाव लाडी. सून तिला म्हणायची ‘धाकट्या सासूबाई’.

“आई, देव काय गोठ्यात हजेरी घेतो? रोज आपलं आले रे, बसले रे.”

“घेतो तर. तुझीही लागेल एक दिवस.”

“माझा खाडा मांडायला सांगा त्याला.”

दोघी हसायच्या. दुपारी सून मला अंगणात नेऊन शेंगा सोलत बसायची. आखूड पाय चढाकडे करायचा, एवढं तिला सासूने शिकवलं होतं. त्यापुढे काही नाही. शिकवायला वेळ आहे, असं दोघींनाही वाटत होतं.

वेळ नव्हता. सुनेला दिवस गेले, घर आनंदात होतं, आणि धनीण तापाने पडली ती उठली नाही. तिची खाट खिडकीपाशी लावली. नवरा मला आत घेऊन गेला आणि तिच्या उशाशी माझ्यावर बसून राहिला. सपाट फरशीवर मी कलले होते, तोही कलला होता. दुरुस्त कुणी केलं नाही.

गोठ्यात लाडीने पान्हा चोरायला सुरुवात केली होती. कास भरलेली, पण लेक धार काढायला बसला की थेंब नाही.

“पान्हा सोडते ना लाडी?” ती विचारायची.

“सोडते.”

“पहिली वाटी जाते ना?”

“आत्ताच गेली,” नवरा म्हणायचा. वाटी खरंच जात होती, शिंपिणीच्या तान्ह्या मुलीला. पण दूध पलीकडच्या मळ्यातलं असायचं. नवस मोडू नये म्हणून तो रोज पहाटे तिकडे चालत जायचा.

एका पहाटे, धारेच्याच वेळेला, तिने डोळे उघडले आणि स्वच्छ म्हणाली, “आले रे देवा.” पुढचा शब्द येईल म्हणून नवरा सवयीने थांबला. तो आला नाही. यावेळी तिला बसायचं नव्हतं.

तिच्यामागे घर शांत झालं, लाडी मात्र हट्टाला पेटली. लेकाने घाईत माझा आखूड पाय उताराकडे ठेवला आणि बादलीसकट मोरीत गेला. आईची शाल पांघरून बसला, गाणं म्हटलं, गूळ चारला. लाडी ढिम्म. गुरांचा डॉक्टर म्हणाला, “आजार काही नाही, पण अशी कास तुंबली तर सुजेल.” लेकाने जड मनाने व्यापाऱ्याला निरोप धाडला. निदान दुसऱ्या हातांना तरी ती दूध देईल, असं त्याला वाटलं. गाय गेली की वाटी गेली, हे सगळ्यांना कळत होतं.

उत्तर मला ठाऊक होतं. पण लाकडाला तोंड कुठलं?

व्यापारी यायचा त्या सकाळी सून गोठ्यात आली. पोट पुढे आलेलं, पाय सुजलेले. “धाकट्या सासूबाई, निरोप घ्यायला आले हो,” असं म्हणत तिने मला ओढलं, आखूड पाय चढाकडे केला, कमरेवर हात ठेवला आणि त्या जडावल्या देहाने खाली बसताना तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “आले रे देवा, बसले.”

लाडीचे कान वळले. रवंथ थांबलं. आणि कासेतून एक थेंब जमिनीवर पडला. मग दुसरा.

“अहो,” सून न हलता म्हणाली, “बादली आणा. पळू नका, हळू आणा.”

तिला धार काढता येत नव्हती. पहिली धार पायावर, दुसरी भिंतीवर. लेक बाजूला गुडघ्यावर बसून “अंगठा आत घे, ओढू नको, दाब” असं सांगत राहिला. हळूहळू बादलीत तो आवाज घुमू लागला. सुनेचे सासरे, म्हणजे माझ्या धनिणीचा नवरा, दारात येऊन उभे राहिले.

“पोरी, बसताना काय म्हणालीस?”

“काही नाही हो मामंजी. पाय दुखले.”

“तिचेही दुखायचे,” ते म्हणाले, आणि डोळे पुसायला पाठमोरे झाले.

व्यापारी आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला पेलाभर दूध दिलं. “पिऊन जा. गाय द्यायची नाही.” पण पहिली वाटी त्याआधीच भरून बाजूला काढलेली होती. ती सुनेने स्वतः नेली, शिंपिणीच्या दारी.

आता माझ्या फळीवरचा खळगा थोडा रुंदावलाय. सुनेला तसं सांगू नका. तिची लेक नुकती चालायला लागलीय. परवा अंगणात माझ्यावर चढून बसली आणि म्हणाली, “आये ये देवा, बशये.” गोठ्यात लाडीचे कान वळले, आणि सून आतून ओरडली, “अगं बयो, आत्ताच काढलीय ना धार!”

माझं फार मागणं नाही. जुनी झाले म्हणून मला चुलीत घालू नका. पाय सारखे करायला सुताराकडे तर मुळीच नेऊ नका. आणि कामाला बसाल तेव्हा, कुठेही बसा, आलात म्हणून एकदा सांगत जा. ऐकणारं कुणीतरी असतं.