शनिवारचे केस

अपर्णाने ओल्या केसांची एक बट जुन्या सुती पंच्यात गुंडाळली, हलक्या हाताने दाबली आणि पंचा बादलीवर पिळला. मग दुसरी बट. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. तिसऱ्यांदा पंचा पिळताना तिला सवयीने वाटलं, आता ही म्हणणार, "ताई, मान अवघडली हो." पण निहारिका काही म्हणाली नाही. पहाटे पाच वाजता इंदूरच्या एका दवाखान्यात तिचा जीव गेला होता. डेंग्यूचं निमित्त, आठ दिवसांचा खेळ. आता साडेनऊला ती फ्रीगंजमधल्या आपल्या घरी, बैठकीत चटईवर, नवी हिरवी साडी नेसवलेली अशी पडली होती.

सवाष्ण गेली की तिला डोक्यावरून न्हाऊ घालून पाठवायचं, ही या घरची रीत. चौघीजणींनी मिळून न्हाऊ घातलं, मळवट भरला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की या केसांचं करायचं काय! दाट, कुरळे, कमरेपर्यंतचे, पाण्याने जड झालेले केस. शेजारच्या सुलूने आपला रोजचा कंगवा आणून टाळूपासून खाली ओढला, तो चार बोटांवर जाऊन जो अडकला तो निघता निघेना. तेव्हा निहारिकाच्या सासूबाई, मीनाकाकू, म्हणाल्या, "ते तुम्हा कुणाचं काम नाही. अपर्णाला बोलवा."

अपर्णाचं पार्लर टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. निहारिका तिथे नऊ वर्षं दर शनिवारी येत होती.

"पंखा फुल्ल करू का?" सुलूने विचारलं. "जल्दी सूख जायेंगे."

"उशाशी दिवा आहे ना," कोपऱ्यातून अक्का म्हणाल्या. "विझेल तो." अक्का म्हणजे निहारिकाच्या नवऱ्याची, सुमीतची, आत्या. ऐंशीच्या घरातली बाई, पण नजर सगळीकडे.

"मग ड्रायर आणते माझा."

"नको गं," अपर्णा म्हणाली. "गरम हवा लागली की हे केस फुगतात आणि एकमेकांत अडकून बसतात. आपले आपण वाळू देत. वेळ आहे ना?"

वेळ होता. निहारिकाचा भाऊ श्रीपाद पुण्याहून विमानाने इंदूरला आणि तिथून टॅक्सीने यायचा होता. एकच्या आत काही तो पोचत नव्हता, आणि तो आल्याशिवाय चक्रतीर्थाच्या घाटावर, दहनाला न्यायचं नाही असं ठरलं होतं.

मीनाकाकू अपर्णाच्या जवळ येऊन वाकल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता.

"वाळले की नेहमीसारखे सरळ करून दे बाई. सुमीत म्हणतोय. तिला सरळच आवडायचे, तिच्या मनासारखं करून पाठवू, म्हणतोय."

अपर्णाचा हात थांबला.

"मेलेल्या माणसाच्या केसांना इस्त्री?" अक्का कडाडल्या. "काय एकेक खुळं काढता! आज तिच्या वाट्याला आग काय कमी आहे?"

मीनाकाकू म्हणाल्या, "अक्का, तो दुसरं काही म्हणजे काही मागत नाहीये हो. चहासुद्धा घेतला नाही त्याने."

अक्कांनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

अपर्णाने केसांचे चार भाग केले. प्रत्येक भाग आधी बोटांनी सोडवला, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. टोकापासून सुरुवात करायची, एक वीत मोकळा झाला की कंगवा वीतभर वर न्यायचा. वरून ओढलं की संपलं. हे ती आपल्या हाताखालच्या मुलींना ओरडून ओरडून सांगायची. मोकळा झालेला भाग तिने सैलसर पिळला, तसे चार पेड केले आणि डोक्यामागे पाट ठेवून त्यावर पसरले. आता बसून राहायचं.

बसायचं म्हटलं की आठवायचं आलंच. शनिवारीही हे केस वाळायला असेच तीन तास घ्यायचे. मागच्या पडवीत दोघी बसायच्या, पोह्यांवर शेव घालून खायच्या, आणि तीन तासांत बाई काय काय म्हणून बोलत नाही! त्यामुळे अपर्णाला ठाऊक होतं ते या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. निहारिकाला सरळ केस आवडायचे नाहीत. मुळीच नाही. "माझ्या आईचे केस आहेत हे, ताई," ती म्हणायची, "इस्त्री फिरली की वाटतं आईलाच दडपून टाकलं. पण यांना सरळ आवडतात ना! काय करणार?"

हे "यांना आवडतात" कुठून आलं, तेही अपर्णाला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी निहारिकाचं माहेर इथेच नानाखेड्याला होतं, वडील बँकेत. मुलाकडची मंडळी बघायला येणार म्हणून आईने तिला घाईघाईने पार्लरमध्ये आणलं. "अहो, एवढे जंगल केस बघून पळून जातील ती माणसं," आई म्हणाली होती, आणि अपर्णाने इस्त्री फिरवून ते जंगल झोपवलं होतं. दुसऱ्या दिवशी निहारिका मिठाईचा पुडा घेऊन नाचत आली. मुलगा म्हणे सगळा वेळ गप्प होता. एकच वाक्य बोलला, "केस छान आहेत."

आणि अपर्णा हसून म्हणाली होती, "बघ, केसांवर पसंती आली! आता जन्मभर सांभाळ बाई."

गंमतीत म्हणाली होती. गंमतीत माणूस काय वाटेल ते बोलून जातो. पण निहारिकाने ते गाठीला बांधलं. ऊन असो, पाऊस असो, ताप असो, शनिवार चुकवला नाही. एकदा कानाची पाळी भाजली तर पदराआड लपवून घरी गेली. अपर्णाने तिला दोन-चारदा म्हणून बघितलं होतं, "अगं, एकदा तशीच जा की घरी, बघ तरी काय म्हणतात." तर म्हणायची, "नको हो. बोलायचे नाहीत ते काही, स्वभावच नाही बोलायचा. पण मनातून खट्टू होतील." मग अपर्णानेही जास्त ताणलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही तो शनिवार हवासा झाला होता.

अकराच्या सुमाराला सुमीत आत आला. बायका उठून स्वयंपाकघराकडे सरकल्या. अक्का तेवढ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसून राहिल्या. सुमीत पाटाच्या पलीकडे, अपर्णाच्या समोर येऊन बसला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"वाळले?"

"अजून थोडे आहेत. बाहेरून वाळलेत, आतून ओले आहेत. असे केस वरून फसवतात."

तो चार पेडांकडे बघत राहिला. एक पेड टोकाशी सुटून त्याच्या बटा आपोआप वळल्या होत्या.

"हात लावू का?"

विचारतोय! नऊ वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्या केसांना हात लावायला परक्या बाईला विचारतोय. अपर्णाला भडभडून आलं.

"लावा ना. ओढू नका फक्त."

त्याने एक बट बोटावर घेतली. ती बोटाभोवती वळून बसली.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मला असेच आवडायचे."

अपर्णाने वर बघितलं.

"पाहिलेत कुठे मी धड! धुतले की टॉवेल गुंडाळून थेट तुमच्याकडे. आता दवाखान्यात आठ दिवस तशीच होती. घामाने सगळे वळले होते, उशीभर पसरले होते. इतकी छान दिसत होती हो! म्हणणारच होतो. तर तिने चादर डोक्यावरून ओढली. म्हणाली, बघू नका माझ्याकडे, भूत दिसतेय मी." त्याने ती बट अंगठ्याने कुरवाळली. "मग म्हटलं, हिला आवडत नसेल तर कशाला बोला. घरी गेल्यावर बोलू."

बाहेर अंगणात बांबू टाकल्याचा आवाज झाला. माणसं तिरडीच्या तयारीला लागली होती.

"बघायला गेलो होतो तेव्हाही काय बोलावं सुचेना. अक्काने चिमटा काढला, म्हणाली बोल की रे काहीतरी. तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलायची हिंमत नव्हती. म्हणून मग केस छान आहेत म्हणालो." त्याने बोटावरची बट अलगद पाटावर ठेवली. "ताई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"हे सगळं, दर शनिवारचं, ती माझ्यासाठी तर करत नव्हती ना?"

आता आली का पंचाईत! हो म्हटलं, तर निहारिका जशी होती तशी, आपल्या आईचे केस घेऊन जाईल. तेवढं तरी तिच्या मनासारखं होईल. पण मग हा माणूस? याने उरलेलं आयुष्य काय करायचं? दर शनिवार याला खायला उठेल. आणि नाही म्हटलं, तर गेलेल्या पोरीच्या डोक्यावर, जाता जाताही, तिला नको असलेली इस्त्री फिरवायची. तीही आपल्याच हातांनी. निहारिकाचा चेहरा दिव्याच्या उजेडात अगदी शांत होता. तिच्याकडून काही मदत होण्यातली नव्हती.

"नाही हो," अपर्णा म्हणाली. "तिलाच हौस."

"नक्की?"

"मला नाही का माहीत! मी म्हणायची, कशाला जिवाला एवढा त्रास, तर माझ्यावरच डाफरायची. आरशात बघून खूश व्हायची अगदी."

सुमीतने डोळे मिटले.

"मग करा," तो म्हणाला. "तिला हवे तसेच करा. एकही बट राहू देऊ नका. तिला चालायचं नाही."

तो उठून बाहेर गेला. कोपऱ्यात अक्कांनी डोळे उघडले, अपर्णाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा मिटले. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे.

साडेबाराला केस वाळले. अपर्णाने पेड सोडले तर कुठे एक गाठ नाही, एक गुंता नाही. नऊ वर्षांत हे केस इतके सुंदर कधी वाळले नव्हते, कारण शनिवारी निहारिका एका जागी बसायचीच नाही. बोलता बोलता उठायची, फोन घ्यायची, पोह्यांची ताटली घेऊन हसत मागे रेलायची, आणि पाठीवरचे सगळे केस चुरगाळायची. आज हलायला कुणी नव्हतं.

अपर्णाने पार्लरमधून मागवलेल्या इस्त्रीच्या मशीनची वायर बोर्डात लावली. मशीन कमीत कमी गरम ठेवलं. पुढे कंगवा, मागे मशीन, एकेक पातळ बट घेऊन ती वरून खाली येऊ लागली. वळलेली बट दोन पट्ट्यांतून बाहेर पडली की निमूटपणे सरळ होऊन पडायची. पहिल्या चार बटांनंतर तिला रडू फुटलं. मीनाकाकूंनी येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, जिव्हाळ्यापोटी रडतेय. ते काही खोटं नव्हतं.

"माफ कर गं," ती पुटपुटली, आणि पुढची बट घेतली.

सगळ्यात शेवटी मानेखालचे केस राहिले. तिने मान जरा कलती केली, बोटांनी चाचपलं. हेही कोरडे होते, मऊ, आणि गोल गोल वळलेले. तिने मशीन उचललं, तसंच हातात धरून ठेवलं, आणि मग बटण बंद केलं. वरचे सरळ केस तिने त्यांच्यावर ओढून घेतले, नीट पसरले, मीनाकाकूंनी दिलेला मोगऱ्याचा गजरा वर माळला. आता कुणाला दिसत होतं!

श्रीपाद पावणेदोनला आला. दारातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग ओटी भरून झाली, बायकांनी नमस्कार केले, आणि पुरुष आत आले. पायांकडून श्रीपादने धरलं. डोक्याकडून सुमीत वाकला, त्याने एक हात खांद्याखाली घातला, दुसरा मानेखाली. आणि तो थांबला.

साडीच्या काठाआड त्याची बोटं हलताना फक्त अपर्णाला दिसली. ती शेजारीच उभी होती.

"ताई," तो म्हणाला, "इथले राहिलेत."

"ओले होते," अपर्णा म्हणाली. "वाळलेच नाहीत."

सुमीतने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्याची बोटं त्या केसांत होती, आणि केस खडखडीत कोरडे होते. अपर्णाने नजर खाली वळवली. नजरेला नजर देऊन खोटं बोलणं, तेवढं तिला जमलं नाही.

"सुमीत, उचल रे," मागून कुणीतरी म्हणालं. "चलो भैया, देर हो रही है."

"हो," सुमीत म्हणाला, आणि तरी त्याने उचललं नाही.